भंगार म्हटलेली पेटी

नांदुऱ्याच्या एका निवृत्त गुरुजींनी मला फसवलं. मी त्यांना फसवलेलं नाही. चिखलीच्या बाजारात ही गोष्ट उलटी करून सांगतात, आणि सांगणारे ती हसत हसत सांगतात, म्हणून हे आधीच लिहून ठेवतो. लेथ मशीन मी घेतली, ठरलेले पैसे एका दमात दिले, आणि त्या माणसाने मशीनचा जीव काढून घेऊन नुसतं धड माझ्या दारात पाठवलं.

मी उंद्रीचा. सातवीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. दुसऱ्याच्या ओसरीवर बसून जळालेल्या मोटरींना तार भरत भरत चिखलीत दोन शटरचं मोटरपंपाचं दुकान उभं केलं. मला कोणी काही फुकट दिलेलं नाही आणि मीही कोणाला सांगितलेल्या भावात आजवर काही घेतलेलं नाही. चप्पल असो की प्लॉट. बायको म्हणते, "डाक्टरच्या फीमदी बी कमी करा म्हंतल्यावर मी तं बाहीर जाऊन उभी राह्यली होती." ते खरं आहे. डॉक्टरने कमी केली होती, हेही खरं आहे.

घासाघिशीची एक रीत असते. ज्या वस्तूवर आपला डोळा आहे, तिलाच नाव ठेवायचं. समोरचा मग तिचं कौतुक करतो. तो म्हणतो, असा माल तालुक्यात दाखवा. आपण म्हणतो, तालुक्यात कायले, तुमच्याच उकिरड्यावर दाखवतो. तो हसतो, आपण हसतो, दोन्ही आकडे थोडे थोडे एकमेकांकडे सरकतात. यात कोणी कोणाला खोटारडा म्हणत नाही. आठवडी बाजारात मी वांग्यांना किडकी म्हटलं म्हणून भाजीवाल्या बाईने टोपली रस्त्यावर ओतून दिली, असं कधी झालेलं नाही. ती म्हणते, "मंग तुह्या वावरातले आण अन् खाय," आणि वर दोन वांगी जास्तीची टाकते. ही गोष्ट आमच्याकडे लहान पोराला कळते. पस्तीस वर्षं नोकरी केलेल्या मास्तराला कळत नाही, असं मला कोणी सांगू नये.

आता मोटरपंपाच्या दुकानदाराला लेथ, म्हणजे लोखंड गोल फिरवून घडवणारी मशीन, कशाला हवी, ते सांगतो. घराला लागून मी गाडीसाठी पत्र्याची शेड बांधली. गाडी तिच्यात महिनाभर उभी राहिली असेल. मग उंद्रीच्या एका पडक्या विहिरीवरून मी जुनं ऑइल इंजिन आणलं. एकच सिलिंडर, दोन बाजूंना दोन मोठी लोखंडी चाकं. वीज नव्हती तेव्हा असल्या इंजिनाचा ठोका तीन वावरं पलीकडे ऐकू यायचा, आणि तो ऐकून आम्ही ओळखायचो की कोणाच्या विहिरीला पाणी आहे. इंजिन शेडमध्ये गेलं आणि गाडी निंबाखाली आली. बायको येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवते, "पाहा आमच्या घरची तऱ्हा. गाडी उनात अन् लोखंड सावलीत."

दोन वर्षं मी त्या इंजिनाच्या मागे होतो. गंज काढला, वॉल्व घासले, डोकं उतरवून पुन्हा बसवलं. सगळं जमलं. एक दांडी तेवढी जमली नाही. इंजिनाचा वेग आवरणारी ती दांडी. तिच्या टोकाला आटे असतात, त्यावर नट बसतो. ती नसेल तर इंजिन सुरू करणं म्हणजे बिनलगामी घोड्यावर बसणं. जुनी दांडी आट्यांपाशी तुटलेली, आणि ते आटे जुन्या काळच्या मापाचे. आजच्या बाजारातला एकही नट त्याला लागत नाही.

चिखलीतल्या लेथवाल्यांकडे गेलो. एक म्हणाला, "एका दांडीसाठी मशीन बांधून ठेवू का?" दुसऱ्याने चार चकरा मारायला लावल्या आणि मग जवळपासच्या मापाचे आटे पाडून दिले. नट आवळताना दांडीचेही आटे गेले, नटाचेही गेले. मी परत गेलो तर म्हणतो, "ताकद जास्त लावली असन तुम्ही." त्याच्या दुकानासमोर उभं राहून मी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्याच दिवशी ठरवलं की आता कोणाच्या पाया पडायचं नाही. स्वतःची लेथ आणायची आणि स्वतःच्या हाताने ती दांडी करायची.

माझ्या दुकानात ज्याचं येणं-जाणं आहे असा एक म्हातारा मिस्त्री आहे. उभा जन्म लेथवर गेला, आता डोळ्यांमुळे काम सोडलं. त्याने नांदुऱ्याची खबर आणली. तिथल्या कापसाच्या जिनिंग-प्रेसिंगची कामं करणारा एक जुना कारागीर वारला होता. मुलगा मास्तरकी करून निवृत्त झालेला, त्याला गाळा रिकामा करून भाड्याने द्यायचा होता. मशीन तशीच पडून होती.

"मशीन कशी असन?" मी विचारलं.

"त्या मानसाची असन तं चांगलीच असन. म्या त्याचं काम पाह्यलं हाय."

"हे तिथं बोलू नको."

"येवढं समजते मले, भाऊ."

आमची खूण ठरली. मशीन चांगली निघाली तर मिस्त्रीने काही न बोलता रुमालाने मान पुसायची. मग मी बोलायचं.

गाळा स्टेशनच्या अंगाला होता, मागे गुरुजींचं घर. गुरुजी उंच, पांढरा शर्ट पँटीत खोचलेला, खिशाला पेन. बोलणं मोजकं, आमच्यासारखं नाही, छापल्यासारखं. त्यांनी कुलूप काढलं, दिवा लावला आणि हाताची घडी घालून दाराशी उभे राहिले. विकणारा माणूस असा उभा राहत नाही. विकणारा मशीनजवळ येतो, तिच्यावर हात फिरवतो, काही ना काही सांगतो. हे माझ्या लक्षात आलं होतं. मी त्याचा अर्थ असा लावला की माणूस कच्चा आहे.

मिस्त्रीने मशीनच्या बेडवरून, म्हणजे ज्या लोखंडी रुळांवर सगळं सरकतं त्यावरून, अंगठ्याचं नख फिरवलं. चकाजवळ, म्हणजे सळई पकडणाऱ्या जबड्याजवळ, जिथे सगळ्यात जास्त झीज होते, तिथे तो थांबला, पुन्हा फिरवलं. चकात सळई बांधून खालून दांड्याने उचलून पाहिली. हाताने हलकेच गोल फिरवलं आणि कान लावला. माझं सगळं लक्ष त्याच्या खिशाकडे. शेवटी त्याने रुमाल काढला आणि मान पुसली. एकदा पुसून त्याचं समाधान झालं नाही. कपाळ पुसलं, पुन्हा मान पुसली. मी डोळे वटारले तेव्हा थांबला.

मग मी सुरू केलं. बेड गेलेला आहे म्हणालो. रंग उडाला आहे म्हणालो. मोटर थ्री फेजची आहे, घरात चालणार नाही, ती काढून फेकावी लागेल, असंही म्हणालो.

गुरुजी म्हणाले, "तुमचं मोटरींचंच दुकान आहे, असं फोनवर सांगितलं होतं ना तुम्ही?"

मिस्त्रीला हसू आवरलं नाही. मीही हसलो. पकडलं गेलं की हसायचं असतं, तीही रीतच आहे. गुरुजी हसले नाहीत.

मग कोपऱ्यात मला ती पेटी दिसली. सागाची, दोन माणसांनी उचलावी एवढी. झाकण उघडलं तर आत खण पाडलेले, आणि प्रत्येक खणात जुन्या धोतराच्या तेलकट फडक्यात गुंडाळलेलं एकेक गिअर. मी एक सोडून पाहिलं. एकही दात तुटलेला नाही, आणि अंगावर पांढऱ्या रंगाने, बारीक ब्रशने, दातांचा आकडा लिहिलेला. दुसरं सोडलं, तेही तसंच.

ज्यांना लेथ माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. अशा जुन्या मशीनवर आटे पाडायचे तर बाजूला तीन-चार गिअर जोडावे लागतात. गिअर बदलली की दोन आट्यांमधलं अंतर बदलतं. पेटीतल्या गिअरमधून हवं ते माप निघतं. पेटी नसेल तर ती मशीन लोखंड सोलते, भोक पाडते, पण आटे पाडत नाही. आणि मला तर आटेच पाडायचे होते. ही गिअर बाजारात मिळत नाहीत. ती मशीन बनवणारेच आता राहिले नाहीत.

मिस्त्रीने माझ्या मागून "अरे वा" म्हणायला तोंड उघडलं. मी त्याचा पाय दाबला.

माझा सगळा जीव त्या पेटीत गेला होता, आणि म्हणूनच मी तिला सगळ्यात जास्त नावं ठेवली. "हे काय हाय, गुरुजी? लोनच्यावर ठेवाचे दगड होय काय?"

गुरुजींनी हाताची घडी सोडली.

"हे घेऊन मी काय करू? मले हे भंगार हाय. मशीनसंगं हे उचलाची मजुरी मलेच पडन."

"वडिलांनी एकेक करून जमवली आहेत ती," गुरुजी म्हणाले.

"तुमच्या वडलाले भंगार जमवाची हौस होती, त्याले मी काय करू?"

हे वाक्य मी बोललो. नाकारत नाही. मी याहून वाईट बोललो आहे आणि माझ्या तोंडावर याहून वाईट ऐकून घेतलं आहे, आणि दोन्ही वेळा नंतर चहा झाला आहे. गुरुजी पुढे आले. माझ्या हातातलं गिअर घेतलं, फडक्यात गुंडाळलं, ज्या घड्या आधी होत्या त्याच घड्या पाडून. खणात ठेवलं, झाकण लावलं आणि म्हणाले, "मशीनचं बोला."

तिथे मला कळायला हवं होतं. जो उलटून बोलत नाही तो सौद्यात उतरलेलाच नसतो. मी एकटाच बोलत होतो. पण त्या वेळी मला वाटलं, माणूस गार झाला. मी आकडा टाकला, इतका खालचा की मिस्त्रीनेही माझ्याकडे पाहिलं. गुरुजींनी त्यांचा आकडा सांगितला, मी थोडा वर गेलो, आणि ते म्हणाले, "ठीक आहे." सौदा एवढ्यात संपला. मी तिथेच फोनवरून पूर्ण पैसे पाठवले, म्हटलं मास्तराचं मन फिरायच्या आत. त्यांनी पांढऱ्या कागदावर सुंदर अक्षरात पावती लिहून दिली: लेथ मशीन एक, मोटरीसह.

स्टेशनसमोर चहा घेताना मिस्त्री म्हणाला, "भाऊ, पेटीचं लेहून घ्याले पाह्यजे होतं."

"लेहून मागतलं का त्याले कळन ना, का आपला जीव पेटीत हाय. मंग त्यानं मशीनयेवढे पैसे पेटीचे सांगतले असते."

"तरी बी."

"मशीनसंगंच येते थे. सायकल घेतली तं पायडल येगळे मागते काय कोनी?"

मिस्त्रीने बशीत चहा ओतला आणि फुंकर मारत राहिला.

पाचव्या दिवशी क्रेन आणि पिकअप घेऊन गेलो. मिस्त्री सोबत होताच. गाळा झाडून स्वच्छ केलेला. पट्टे, पत्रे, पाइप, सगळं गेलेलं. मधोमध मशीन, पुसलेली, तेल दिलेली. ते पाहून मला बरं वाटलं, हेही लिहितो. क्रेनवाल्याने पट्टे बांधले, मशीन जमिनीवरून वीतभर उचलली गेली, आणि मी कोपऱ्याकडे वळलो. पेटी जिथे होती तिथे फरशीवर नुसता चौकोन होता, आजूबाजूच्या फरशीपेक्षा उजळ.

"पेटी कुठं हाय, गुरुजी?"

"कोणती?"

"गिअरची."

"ते भंगार?" गुरुजी म्हणाले. "ते भंगारवाल्याला दिलं. तुम्हाला उचलायची मजुरी पडणार होती ना? म्हटलं, तुमची मजुरी वाचवावी."

मला आधी वाटलं, उशिरा का होईना, माणूस चेष्टा करायला शिकला. मी हसलो. ते हसले नाहीत. मग माझ्या डोक्यात जे चढलं ते चढलं.

"तुमाले समजत नोयतं काय? त्याच्याबिगर मशीन कोन्या कामाची हाय?"

"मी मराठी शिकवत होतो. मला गिअरमधलं काय समजणार? समजणारे तुम्ही. सोबत मिस्त्री आणलेले तुम्ही. तुम्ही भंगार म्हणालात, मी मान्य केलं."

"सौद्यात बोलाचं असते थे!"

"मी सौद्यात काही बोललो नाही. तुम्ही बोललात."

माझा आवाज स्टेशनपर्यंत गेला असेल. शेजारचे लोक दारात आले. पानठेल्यावरचे दोघे रस्ता ओलांडून आले. मी त्यांना साक्षीला धरून विचारलं की सौद्यात कोण मालाला चांगलं म्हणतं, सांगा. एकाने मान हलवली. दुसरा म्हणाला, "पण शेठ, मेलेल्या मानसाच्या वस्तूले..." आणि थांबला. त्याला हे कोणी सांगितलं होतं? गुरुजींनीच. म्हणजे पाच दिवसांत हा माणूस गल्लीभर माझं बोलणं सांगत फिरला होता. आणि म्हणे सौद्यात काही बोलत नाहीत.

"पसंत नसेल तर मशीन राहू द्या," गुरुजी म्हणाले. "पैसे आत्ता परत पाठवतो."

मशीन क्रेनला लटकलेली, क्रेनवाला माझ्या तोंडाकडे पाहतो आहे, मिस्त्री जमिनीकडे, आणि पंधरा माणसं वाट पाहत आहेत की हा आता काय करतो. मी म्हटलं, "उचल रे." त्या वेळी पैसे परत घेऊन निघालो असतो तर आज हे लिहायची वेळ आली नसती. पण रिकामी क्रेन घेऊन त्या गल्लीतून बाहेर पडणं मला जमणारं नव्हतं.

मशीन शेडमध्ये बसली. मोटर मी एका दुपारी घरच्या विजेवर करून घेतली. सुरू केली तर आवाज असा की जणू कोणी तांदूळ निवडतं आहे. चकात सळई बांधून टोक सोललं, तर इथून तिथून एकच माप, केसाचाही फरक नाही. मिस्त्रीने त्या सळईवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "या मशीनले त्यानं पोरीसारखं सांभाळलं, भाऊ." मी त्याला घरी जा म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मी मशीनच्या बाजूचं, गिअर जोडायच्या जागेवरचं पत्र्याचं झाकण काढलं. साफ करावं म्हणून उलटं केलं, तर आतल्या बाजूने सगळं लिहिलेलं. पांढरा रंग, बारीक ब्रश, तेच अक्षर. कोणत्या मापाच्या आट्यांसाठी कोणती गिअर लावायची याची यादी. वरचे आकडे फिकट, खालचे ताजे. वर्षानुवर्षं एकेक ओळ वाढवत नेलेली. बाजूला कामाचं नाव: जिनचा रोलर, मोटेचं चाक, सरकीच्या घाण्याचं मळसूत्र. खालून तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं, इंजिन, वेगाची दांडी. पुढे आट्यांचं माप, आणि चार गिअरचे आकडे.

मी तुटकी दांडी आणून माप ताडून पाहिलं. तेच होतं.

झाकण मांडीवर घेऊन मी तिथेच बसलो. बायको चहा घेऊन आली, तिने झाकण पाहिलं. तिला आकड्यांतलं काही कळत नाही, पण ती म्हणाली, "हे तं पोथीसारखं लेह्यलं हाय. कोन होता हा मानूस?"

"भंगार जमवत होता," मी म्हणालो. का म्हणालो कोण जाणे. ती कप ठेवून निघून गेली.

गिअर नवीन करून घेता येतात का, हे मी विचारून पाहिलं. एकेक करायचं, माप जुनं, आणि चारपैकी एकाचाही दात चुकला तर आटे चुकले. मग मी ठरवलं की भंगारवाला शोधायचा. मिस्त्रीला घेऊन नांदुऱ्यात दोन दिवस फिरलो. दोघांना काही माहीत नव्हतं. तिसऱ्याने लगेच सांगितलं, हाव, गुरुजीच्या गाळ्यातला माल मीच उचलला. पट्टे, पाइप, एक पत्र्याचं दार.

"अन् पेटी? गिअरची? कुठं गेली थे? गेली असन जालन्याच्या भट्टीत गाळाले?" मी विचारलं.

"थे पेटी? थे कुठं देल्ली त्याइनं!" भंगारवाला म्हणाला. "म्या तं पयले त्याच्यावरच हात ठेवला होता. सागाची पेटी, अन् आत असं लोखंड. दुप्पट भाव सांगतला म्या. गुरुजी म्हने, हे नाई द्याचं. सोताच उचलून घरात नेली. जड होती, दोन डाव ओट्यावर टेकवली बुढ्यानं. म्या म्हंतलं धरू लागू काय, तं हात लावू देल्ला नाई."

मी त्याला तीनदा विचारलं. तीनदा त्याने तेच सांगितलं, तिसऱ्यांदा वैतागून.

तिथून तडक गुरुजींच्या घरी गेलो. ते गेटाशी उभे राहून पेपर वाचत होते. मी गेटच्या बाहेर, ते आत. मी या वेळी ओरडलो नाही. मिस्त्री साक्षीला आहे.

"पेटी तुमच्या घरात हाय, गुरुजी. भंगारवाल्यानं सांगतलं मले."

त्यांनी पेपरची घडी केली. "माझ्या घरात भंगार नाही," ते म्हणाले, गेटची कडी लावली आणि आत गेले.

ही गोष्ट चिखलीत कळली तेव्हा लोक टाळ्या देऊन हसले. मास्तराने शेठला बरोबर धडा दिला म्हणतात. माझ्या दुकानात येऊन गिऱ्हाईक पंपाला मुद्दाम नाव ठेवतं आणि वर म्हणतं, "भंगार म्हंतलं तं घरात नेऊन ठेवसान काय, शेठ?" हसू द्या. मला त्यांचं काही घेणं नाही. मला एकाच माणसाकडून उत्तर हवं आहे.

गुरुजी, तुमच्या वडिलांबद्दल मी बोललो ते तुम्हाला लागलं असेल. लागलं होतं तर त्याच क्षणी मला गाळ्याबाहेर काढायचं होतं. मी शिव्या देत स्टेशनवर गेलो असतो आणि दोघांचं तिथेच संपलं असतं. तुम्ही तसं केलं नाही. तुम्ही मशीन विकली, पैसे घेतले, सुंदर अक्षरात पावती लिहिली, पाच दिवस थांबलात, आणि मग पंधरा माणसांसमोर म्हणालात की पेटी भंगारवाल्याला दिली. तुम्हाला गिअरमधलं काही समजत नाही, असंही म्हणालात. समजत नव्हतं तर नेमकी तीच पेटी, स्वतःच्या हातांनी, दोन वेळा टेकवत, घरात कशी गेली?

मी सौद्यात खोटं बोललो. ते सगळ्यांना खोटं म्हणून ऐकू येतं, आणि तेवढ्यासाठीच बोललं जातं. तुम्ही सौदा संपल्यावर, सरळ चेहऱ्याने खोटं बोललात. यातलं कोणतं खोटं मोठं, हे तुम्ही मराठी शिकवलेल्या एखाद्या पोराला विचारा.

तुमच्या वडिलांची यादी माझ्या शेडमध्ये आहे. त्यांची गिअर तुमच्या घरात आहेत. इंजिन थांबलेलं आहे, मशीन थांबलेली आहे, आणि त्या माणसाने हाताने लिहिलेली ती ओळ तुमच्या रागापायी बिनकामाची झाली आहे. पेटीचा आकडा तुम्ही सांगा, मी एक शब्द बोलणार नाही. असं मी आयुष्यात कोणाला म्हटलेलं नाही. द्यायची नसेल तर देऊ नका. पण त्याच गल्लीत, त्याच माणसांसमोर, गेटच्या बाहेर येऊन सांगा: पेटी भंगारवाल्याला दिली होती, की नव्हती?